मांडवाला पडलेलं भोक

पुतणीच्या साखरपुड्यात नवरदेवाच्या मामानं हौसेनं पिस्तुलाचा बार काढला. मांडवाचं कापड फाटलं, भोकातून कवडसा माझ्या नातीच्या ताटात पडला. ती तो चिमटीत धरू बघत होती आणि लोक हसत होते. शिसारी आली मला.

रानडुकरांसाठी माझ्याकडंही परवान्याची बंदूक आहे. दर निवडणुकीला मी ती ठाण्यात जमा करतो. तो नियम चांगलाच आहे, त्यात मला कमीपणा नाही. सगळ्याच बंदुका काढून घ्या म्हणणाऱ्यांनी डुकरांनी उकरलेलं रान बघावं. पण मिरवायला बार काढणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी जावा. मी चौथी शिकलेला, मला एवढं कळतं.

"ठाण्यात सांगणार," मी म्हणालो.

धाकटा भाऊ हात जोडून आडवा आला. "दादा, पोरीचं लग्न मोडंल."

मी चपला पायात घातल्या.