बियाण्याच्या ढोलीतलं पत्र

आमच्या करडी गावात अक्तीच्या आधी कोणी काही ठरवत नसे. अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. सालगडी त्या दिवशी नव्याने कामाला लागायचा किंवा दुसऱ्याचं घर धरायचा. धानाची कोणती बांधी, म्हणजे बांधाआतलं शेत, कोणी वाहायची ते त्याच दिवशी ठरायचं. अबोला धरलेले भाऊसुद्धा बोलायचं की नाही याचा निकाल अक्तीवर ढकलून मोकळे व्हायचे. फाल्गुनात कोणी घाईचा प्रश्न काढला, तर "अक्तीले पाहू" म्हणायचं आणि पुन्हा सुपारी कातरायला घ्यायची. माझ्या बाबांनी या दोन शब्दांवर अर्धा संसार निभावून नेला होता.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. मी नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून भंडाऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते. एस.टी.ने जायचं, एस.टी.ने यायचं आणि संध्याकाळी मायला चूल पेटवून द्यायची. नागपूरच्या माझ्या सरांनी मागे लागून मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अर्ज करायला लावला, असं मी घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे मीच सरांच्या मागे लागले होते. इतकी, की शेवटी त्यांनी हात टेकले आणि शिफारसपत्र लिहून दिलं. पण घरी असं सांगितलेलं बरं पडायचं. मुलीला काही हवं असलं की ते दुसऱ्या कोणाला तरी हवं आहे असं सांगायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या विद्येत मी भलतीच तरबेज होते.

पाकीट आलं ते नेमकं ढोली लिंपायच्या दिवशी. ढोली म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणमातीने आतबाहेर सारवलेली माणसाएवढी उंच कणगी. खायच्या धानाच्या ढोल्या वेगळ्या. ही बियाण्याची. चुरणा, म्हणजे धानाची मळणी, आटोपला की निवडलेलं बियाणं कडुलिंबाच्या पाल्यासकट तिच्यात भरायचं, तोंड लिंपून बंद करायचं, हळदीकुंकू लावायचं. मग थेट अक्तीलाच पूजा करून फोडायची. मध्ये हात लावायचा नाही, असा आमच्या घरचा नेम होता.

डाकवाल्याने पाकीट बाबांच्या हातात दिलं. मी ते सपरीत, म्हणजे ओसरीवर, उभी राहून सगळ्यांसमोर मराठी करत वाचलं. सगळे म्हणजे बाबा, माय आणि मोठीमाय. मोठीमाय ही बाबांच्या वारलेल्या मोठ्या भावाची बायको, घरातली सगळ्यात थोरली. तिचा शब्द बाबासुद्धा खाली पडू देत नसत. मी वाचलं की विद्यापीठाने या मुलीला घेतलं आहे, खर्च तेच करणार आहेत, त्या बदल्यात मुलीने तिथल्या पोरांना प्रयोगशाळेत शिकवायचं आहे, आणि सोबतच्या कागदावर सही करून एप्रिलच्या मध्यापर्यंत होकार पोचवायचा आहे. पेपरातली परक्या मुलीची बातमी वाचावी तसा मी आवाज ठेवला होता. मनात म्हटलं, काय साळसूद वाचलं आपण.

बाबांनी विचारलं, किती दिवसांसाठी. मी म्हटलं, पाच वर्षं. मोठीमायने विचारलं, तिथं धान पिकतं का. त्या विद्यापीठाच्या भागात बहुतेक मका पिकतो असं मी सांगितलं, तेव्हा अमेरिका तिच्या नजरेतून उतरली ती कायमची.

बाबांनी माझ्या हातातून पाकीट घेतलं. मग म्हणाले, "अक्तीले पाहू."

आणि त्यांनी ते पाकीट होकाराच्या कागदासकट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं, डबा फडक्यात बांधला आणि कोपरापर्यंत हात घालून बियाण्यात खोल खुपसला. मागून मोठीमायने ढोलीचं तोंड लिंपलं. यात त्यांना काही विचित्र वाटलं नाही. घरातली न सुटलेली प्रकरणं अशीच धानात जायची. उंदीर नाही, उधई-वाळवी नाही, कोणाची नजर नाही. आदल्या वर्षी माझ्या चुलतबहिणीला सांगून आलेल्या मुलाची पत्रिका दोन महिने तिथे होती. अक्तीला ती बाहेर निघाली तेव्हा मुलाचं दुसरीकडे जमून लग्नसुद्धा उरकलं होतं. बाबांच्या मते हा ढोलीचाच गुण. थांबलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, असं ते म्हणायचे.

मला या गुणाची चांगलीच धास्ती होती. पत्र अमेरिकेला पोचायला पंधरा दिवस लागायचे. अक्ती त्या वर्षी एप्रिल संपता संपता होती. म्हणजे ढोली फुटेल त्याच्या आधीच माझी जागा दुसऱ्या कोणाला गेलेली असणार, आणि बाबा शांतपणे म्हणणार, पाहा, सुटला की नाही प्रश्न.

आता कोणी विचारील, विद्यापीठाला परस्पर दुसरं पत्र लिहून होकार का नाही कळवला. सुचलं होतं. पण ते बाबांच्या पाठीमागून जाणं झालं असतं आणि ते माझ्याने होईना. ढोली फोडायची ही मात्र नुसती लबाडी होती. लबाडीला माझी कधीच ना नव्हती.

आधी मी सरळ वाटा चाचपून पाहिल्या, म्हणजे माझ्या मते सरळ. पंचांग पाहणाऱ्या महाराजांना विचारलं की अक्ती कधी लवकर येते का, पाडव्याच्या आधी वगैरे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की एम.एस्सी.ची पदवी परत करावीशी वाटली. मग मोठीमायचे पाय चेपता चेपता विषय काढला, की अमेरिकेतली माणसं फार उतावळी, त्यांना अक्ती कळत नाही. ती म्हणाली, ज्यांना अक्ती कळत नाही त्यांच्याकडे पोरगी कशाला द्यायची. तिच्या लेखी हे स्थळच होतं, फक्त नवरा दाखवायचा राहिला होता.

पाय चेपतानाच तिच्याकडून एक गोष्ट मात्र काढून घेतली. ढोली अक्तीच्या आधी कधीच फोडत नाहीत का? फोडतात, ती म्हणाली. आत उंदीर शिरला तर त्याच दिवशी फोडावी लागते, नाही तर बियाणं हातचं जातं.

मग काय, उंदीर आणायचा ठरला. खरा उंदीर आणण्यात धोका होता, कारण तो खरोखरच बियाणं खाल्ल्याशिवाय राहिला नसता. मला उंदराची फक्त खूण हवी होती. ढोलीला एक भोक आणि भोकाभोवती थोड्या लेंड्या. लेंड्या गोळा करायची मला किळस. पण रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला त्याची काय मातब्बरी? मी मूठभर तांदूळ तव्यावर काळे ठिक्कर होईपर्यंत भाजले. आकार तोच, रंग तोच. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की एक तांदूळ चाखूनही पाहिला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली भर दुपार. बाबा बोडीकडे, म्हणजे शेततळ्याकडे गेलेले, मोठीमाय आडवी झालेली. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ढोलीशी गेले आणि छातीएवढ्या उंचीवर माती खरवडायला लागले. मागे पावलं वाजली. वळून पाहते तर माय, हातात तांब्या. तिने ढोलीकडे पाहिलं, स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहिलं, माझ्या दुसऱ्या मुठीतल्या काळ्या तांदळांकडे पाहिलं.

"तिथून नको फोडू," ती म्हणाली. "उंदीर खालतून येते."

आणि पाणी पिऊन निघून गेली. मी वरची खरवड शेणाने बुजवली आणि खाली बसून नव्याने कामाला लागले.

संध्याकाळी दिवा लावताना मोठीमायला भोक दिसलं. पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. तिने घर डोक्यावर घेतलं. बाबा आले, उकिडवे बसले. भोकात बोट घालून पाहिलं. मग एक लेंडी उचलली, चिमटीत चुरडली आणि नाकाशी नेली. एवढा बंदोबस्त केला आणि करपलेल्या तांदळाला करपलेल्या तांदळाचाच वास येतो हे मला सुचलं नव्हतं. माय उगाच पदर सारखा करत भिंतीकडे पाहत होती.

बाबांनी बोटं धोतराला पुसली. "उंदीरच हाय," ते म्हणाले. "मोठा हाय."

सकाळी नारळ फोडून ढोली फोडली. आम्ही चौघांनी टोपल्या टोपल्या बियाणं काढून अंगणात उन्हात पसरलं. आत ना उंदीर होता, ना कुरतडलेला एक दाणा. उंदीर पळाला असणार, असं मी शहाजोगपणे सुचवून पाहिलं. मोठीमाय एवढंच म्हणाली, की ढोली फुटली म्हणजे आपल्या घरची अक्ती झाली, आता काय ठरवायचं ते ठरवा आणि मला लिंपायला मोकळं करा. ती आणि माय शेण कालवायला मागे गेल्या.

डबा सपरीत बाबांच्या मांडीवर होता. ते फडक्याची गाठ सोडत नव्हते.

"उंदराले काय पाहिजे होतं?" त्यांनी विचारलं.

पकडले गेलो की खूप बोलायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. मी होकाराची तारीख सांगितली, टपालाचे पंधरा दिवस सांगितले, सरांनी किती खटपट केली ते सांगितलं, अशी जागा आपल्या भागातून अजून कोणाला मिळाली नाही हे सांगितलं, तिथून शिकून आलेल्यांना इथे कशा नोकऱ्या मिळतात तेही सांगितलं. बाबा ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "हे कागदाचं झालं. कागदाचं मी नाही विचारून राहिलो."

मग माझ्याकडे पाहिलं. "तुले जायचं हाय का?"

प्रश्न साधा होता. उत्तर मला दोन वर्षांपासून पाठ होतं. पण ते बोलायला तोंड उघडलं. तेव्हा लक्षात आलं, की ही गोष्ट मी या माणसाला एकदाही सांगितलेली नाही. सरांना हवं आहे हे सांगितलं होतं. विद्यापीठाला हवं आहे हे वाचून दाखवलं होतं. महाराजांकडे गेले, मोठीमायचे पाय चेपले, तांदूळ भाजले, माती उकरली. सगळ्या गावाला वळसा घातला आणि बाबांसमोर उभं राहून एक वाक्य काही बोलले नव्हते. मला स्वतःची लाज वाटली. आणि रागही आला, की यांना ते न सांगता कळत कसं नाही.

"हाव," मी म्हटलं. "मले जायचं हाय, बाबा."

त्यांनी मान हलवली. गाठ सोडली, डबा उघडला, पाकिटावरचं धान फुंकून पाकीट माझ्या हातात दिलं. आतल्या कागदाला कडुलिंबाचा वास येत होता.

"मले कागद वाचता नाही येत, पण तारीख समजते," ते म्हणाले. "तू वाचलं तवाच समजलं होतं, तारीख अक्तीच्या आधीची हाय. पण तू बोलली नाही. जोवर तू बोलली नाही, तोवर मले वाटे, पोट्टीले नसन जायचं."

मी त्या क्षणी सही करू शकले नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कुठेही जायचं नव्हतं. पण हेही मी बोलले नाही. बाबा उठले, अंगणात गेले आणि उन्हात पसरलेलं बियाणं पायाने फिरवायला लागले. ते धान फेब्रुवारीतच वाळलेलं होतं, त्याला उन्हाची काही गरज नव्हती. तरी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय ओढत फिरवत राहिले, आणि मी पेन हातात घेऊन त्यांच्या पाठीकडे पाहत बसले.