पेंढ्याचं अस्वल

बुलढाण्यात मला चित्रकार म्हणून ओळख मिळाली ती सूर्यास्तांमुळे. लोकांच्या सोफ्याला शोभतील असे भगवे-जांभळे सूर्यास्त मी काढायची. आता त्यातला एखादा कुणाच्या बैठकीत दिसला की मी त्याच्याकडे पाठ करून बसते.

एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात पेंढा भरलेल्या प्राण्यांचं जुनं म्युझियम होतं. त्याच्या दुरुस्तीचं काम मला मिळालं, ते केवळ 'बाईंना रंगातलं कळतं' म्हणून. तिथलं अस्वल माझ्याआधी कुण्या पाट्या रंगवणाऱ्याच्या हाती लागलं होतं. त्यानं जबड्यात लालभडक ऑइलपेंट ओतला होता, ओठ वर ओढून खिळे ठोकले होते आणि डोळ्यांच्या जागी गोट्या बसवल्या होत्या. प्राचार्यांना एवढंही पुरेसं नव्हतं. तपासणी समिती येणार होती, म्हणून अस्वल दोन पायांवर, पंजे उगारून उभं करा, असं ते मला चार वेळा सांगून गेले. ज्ञानगंगेचं जंगल आमच्या उशाशी, आणि या माणसाला अस्वल भेटलं होतं फक्त सिनेमात.

मी ऐकलं नाही. दोन महिने स्पिरिट आणि कापसानं तो लाल रंग काढत बसले. कसर लागलेली कातडी शिवली. जुनी शिवण जशी वळत होती तशीच मान खाली ठेवली.

प्राचार्य नाराज झाले. हे तर नुसतं हुंगतंय, म्हणाले. वाळवी शोधतंय, मी सांगितलं. मग त्यांनी मागं डरकाळी फोडणाऱ्या अस्वलाचं फ्लेक्स लावलं आणि समितीनं त्या फ्लेक्ससमोर फोटो काढले.

त्यानंतर मला सूर्यास्त काढवेनात. मी ते अस्वल काढलं, टक्कल पडलेल्या कातडीसकट, टाक्यांसकट. शहरातल्या प्रदर्शनात कलारसिक म्हणवणारे त्याच्यासमोर थांबून विचारायचे, गणपती आहे का एखादा? त्यांच्या अडाणीपणाची मला मजाच वाटायची.

शेवटच्या दिवशी देऊळघाटचे एक शेतकरी आले. गालापासून कानापर्यंत फाटलेलं, ओबडधोबड शिवलेलं तोंड. बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले.

"असंच असते हे," ते म्हणाले. "मान खाली घालून चालते. त्याले मी दिसलोच नाही. मीच अंगावर गेलो त्याच्या."

मी मनातून फुगले. अखेर कुणाला तरी कळलं होतं.

"पण ताई, नखं काऊन एवढी आखूड काढली?"

मी म्हटलं, म्युझियममधल्या अस्वलाची तेवढीच आहेत.

"मंग ते तुटले असतीन." त्यांनी आपलं बोट वाकवून माझ्यासमोर धरलं. "एवढं राह्यते."

दोन महिने ते पंजे माझ्या हातात होते. ती तुटलेली खुंटं आहेत, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. प्राचार्यांना नावं ठेवण्यात मी फार गुंतले होते.

त्या शेतकऱ्यांना तसंच बोट धरायला लावून मी प्रदर्शनाच्या पत्रिकेमागं ते नख काढून घेतलं. मग चित्र भिंतीवरून उतरवलं. आयोजकांना वाटलं, विकलं गेलं. त्यांनी माझं अभिनंदन केलं.