अहो, तोंड उघडता का?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक बाई आहे, ती कुणालाच अहो-जाहो करत नाही. पंचाहत्तरीच्या चेअरमनना भर मीटिंगमध्ये "तू गप रे, तुला काय कळतंय" म्हणते. मला वीस वर्षं "काय रे टकल्या" म्हणते. तिची नोकरी प्रयोगशाळेत. रानातल्या बेडकांच्या पेशी कशा म्हाताऱ्या होतात, ते तपासायचं.

डोंगरातून उतरलेला एक बेडूक आमच्या पंपाच्या खोलीमागे राहतो. दर वर्षी ती त्याला धरून त्याच्या तोंडात कापसाची काडी फिरवते. "उघड रे थोबाड, नाटकं नकोत." मग काडी डबीत आणि डबी पर्समध्ये, पोळीभाजीच्या डब्याला चिकटून.

यंदा मात्र खोलीमागून आवाज आला, "अहो, तोंड उघडता का जरा?" नवऱ्यालाही ती अरे म्हणते, म्हणून मी वाकून पाहिलं. समोर बेडूकच.

"हे काय नवीन?"

"गेल्या वेळच्या पेशी बघितल्या ना मी. पार झिजल्यात. याला सुरकुत्या नाहीत, केस नाहीत, बाहेरून कळणार कसं? आतून म्हातारा झालाय यार. मान नको द्यायला?"

"आणि चेअरमन?"

"त्याच्या पेशी कुठे तपासल्यात मी?"

परवा लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर मी कठडा धरून दम खात होतो. ती मागून आली, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि चक्क बाजूला सरकली.

"अहो, सावकाश चढा."

तोंडात काडीसुद्धा न घालता!