साडूंचा मधला स्पीकर

आमच्या साडूंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस जाईपर्यंत घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि मुरबाडला राहणाऱ्या माझ्यासारख्या लांबच्या माणसानेही आपापली कामं बाजूला ठेवावीत, यातच शहाणपण आहे. त्यांची उभी नोकरी भातसानगरला धरणाचे दरवाजे वरखाली करण्यात गेली. वरून हुकूम आला की दरवाजा इतका उघडायचा म्हणजे इतकाच, बोटभर जास्त नाही की कमी नाही. आणि उघडण्याआधी भोंगा द्यायचा, म्हणजे खालच्या अंगाला नदीत कोणी कपडे धूत असेल, म्हशी धूत असेल, तर त्याने वर यावं. ही शिस्त त्यांनी निवृत्तीच्या दिवशी कचेरीत जमा करायला हवी होती. त्यांनी ती किन्हवलीच्या घरी आणली. पुतणीच्या लग्नात त्यांच्याकडे पाण्याच्या टँकरची जबाबदारी दिली, तर हा गृहस्थ नळाशी स्टूल टाकून बसला आणि पाव-पाव आटा फिरवत पाणी सोडत राहिला. पहिल्या पंगतीला पाणी मिळालं ते जिलबी वाढून झाल्यावर. मुलीचा बाप ओरडत आला, तेव्हा त्यालाच म्हणाले, “एकदम सोडला तर आवरायचा कुनी? तुमी?”

अशा माणसाने म्हातारपणी होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायचं काढलं, तेव्हा सगळ्या नात्यात हसं झालं. रिसीव्हर म्हणजे टीव्ही आणि स्पीकर यांच्या मधे बसणारा तो काळा खोका, जो आवाजाच्या वाटण्या करून ज्याचा त्याला देतो. साडूंना उतारवयात सिनेमाचा नाद लागला, असं सगळे म्हणत होते. खरं कारण तेव्हा मला एकट्याला ठाऊक होतं, कारण ते त्यांनी मुरबाडच्या एसटी स्टँडवर चहा पिताना मला सांगितलं होतं. अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, कमी ऐकू येऊ लागलं होतं. आवाज येई, शब्द येत नसत. रोज संध्याकाळी दोघं दोन खुर्च्यांवर शेजारी बसून मालिका बघत. पण वर्षभरात असं झालं होतं की अक्का पाच मिनिटांत “भाकऱ्या टाकायच्यात” म्हणून उठे आणि आत जाऊन नुसती बसून राही. शहापूरहून कानाचं मशीन आणलं, ते तिने एक दिवस लावलं आणि बटणांच्या डब्यात टाकून दिलं. “लोकं बहिरी म्हनतील,” एवढंच बोलली. “मास्तर,” साडू मला म्हणाले, “या होम थेटरात मानसांचं बोलनं मधल्या स्पीकरातून येतं. बाकीचं गानं-बजावनं बाजूच्यांतून. तेवढा मधला वाढवता आला की झालं. मला ती त्या खुर्चीत परत बसलेली पायजे.” चहा निवून गेला होता, तो त्यांनी एका घोटात संपवला आणि मी इंग्रजी शिकवतो म्हणून माहितीपत्रकं वाचायला मला कल्याणला चलायचं आहे, हे जाहीर केलं.

कल्याणला आम्ही सहा खेपा केल्या. दुकानदार वॅटचे आकडे सांगू लागला की साडू हात वर करून त्याला थांबवत. “मला लग्नाचा मांडव नाय घालायचा. मधला येगळा वाढवता येतो का, ते बोला.” बहुतेकांनी हा प्रश्न जन्मात ऐकला नव्हता. पण खरी गंमत पुढे होती. साडूंच्या खिशात एक पेन ड्राइव्ह होता आणि त्यात मालिकेचा एक भाग, ज्यात सासू मेलेल्या नवऱ्याच्या तसबिरीशी हळू आवाजात बोलते. तो लावायला सांगून ते स्टुलावर बसत आणि दुसऱ्या खिशातून कापूस काढून दोन्ही कानांत कोंबत. हा कापूसही असातसा नव्हता. घरी अक्काला न कळू देता त्यांनी माझ्या बायकोला परसात उभं करून हाका मारायला लावल्या होत्या, आणि किती कापूस घातला म्हणजे आपल्याला अक्काइतकंच कमी ऐकू येतं, ते ठरवून तेवढ्या गोळ्या वळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या. कापूस घातल्यावर दुकानदाराचं बोलणं त्यांना कळत नसे, मग तो बिचारा माझ्याशी बोलायचा आणि मी साडूंना खुणा करायचो. एक विक्रेता मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, काकांना आधी डॉक्टरकडे न्या.” मला हसू आवरेना. साडू मात्र डोळे मिटून त्या सासूचं रडगाणं असं ऐकत होते की मला हसायची लाज वाटली. सहाव्या खेपेला, एका अरुंद दुकानात, सगळ्यात स्वस्त रिसीव्हरवर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “शबूद आला.”

रिसीव्हर किन्हवलीला आला तो मांडीवर बसून, जीपमधून. त्याच्याबरोबर एक छोटा माइक होता. तो बसायच्या जागी ठेवायचा, मग खोका एकेका स्पीकरातून शिट्ट्या-फुसकारे सोडतो आणि खोलीचं माप घेतो. तोवर घरात टाचणी पडता कामा नये, असं पुस्तकात लिहिलेलं मी वाचून दाखवलं आणि पस्तावलो. साडूंनी सुतळीने अक्काच्या कानाची जमिनीपासूनची उंची मोजली. “मेल्यावर मोजतात तशी काय मोजता?” अक्का म्हणाली. तिला “टीव्ही चांगला दिसेल” एवढंच सांगितलेलं होतं. मग माइक बरोबर त्या उंचीला काठीवर बांधला, पंखे बंद केले, कुत्रा गुरांच्या वाड्याच्या पलीकडे नेऊन बांधला आणि आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं. पहिल्यांदा कोंबडी आत शिरली. दुसऱ्यांदा शहापूरच्या गाडीने वळणावर हॉर्न दिला. तिसऱ्यांदा लाइट गेली. चौथ्यांदा माप पुरं झालं तेव्हा आम्ही सगळे उन्हात घामाघूम उभे होतो आणि आतून साडूंचा आवाज आला, “आता बोला रं!”

स्पीकरांना त्यांनी नावं दिली होती. डावा कालवा, उजवा कालवा, मागचे दोन म्हणजे चाऱ्या, कालव्यांचे बारके फाटे. मधल्याला नाव नव्हतं, तो नुसता मधला. पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की पडद्यावर बैलगाडी डावीकडून उजवीकडे जाते आणि घुंगरं उजवीकडून डावीकडे. डावा स्पीकर उजवीकडे लागला होता. मी तसं सांगितलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, “मास्तर, डावा काठ प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून ठरवतात. आवाज टीव्हीतून खुर्चीकडं वाहतो. टीव्हीकडं पाठ करून उभे ऱ्हा, मंग सांगा डावा कुठला.” मी खरंच टीव्हीकडे पाठ करून उभा राहिलो. यावर वाद घालता येत नाही. त्या घरात आजही मोटारी एका बाजूने जातात आणि त्यांचा आवाज दुसऱ्या बाजूने.

खोका चांगला चालला. एकदाच बंद पडला, कारण अक्काने त्यावर घरातल्या इतर यंत्रांसारखा विणलेला रुमाल घातला होता आणि तो तापला. “ट्रिप झाला, त्याला वारा लागतो,” म्हणून साडूंनी रुमाल काढून घडी केला. आणि अक्का खुर्चीत बसू लागली होती. सासूचे शब्द तिला येत होते. पहिल्या दिवशी ती मधेच हसली, तेव्हा साडूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती मांडीवरची मूठ घट्ट केली.

पण मधला वाढवायचा म्हणजे आवाज सोडायचा, आणि सोडण्याआधी खालच्या अंगाला सांगायचं, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांचं घर उतारावर, खाली चार घरं. मालिकेच्या आधी साडू ओटीवर येत, खिशातून शिट्टी काढून तीन लांब शिट्ट्या देत, मिनिटभर थांबत आणि मग आत जाऊन मधला चार आकड्यांनी वर नेत. खालच्यांनी दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी चौकशी करून अक्काच्या कानांचं ताडलं, आणि चौथ्या दिवशी खालची काकू पाणी भरताना अक्काच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडली, “काय गो अक्का, आता येतंय का आयकाय?”

त्या रविवारी मी तिथेच होतो. तीन शिट्ट्या झाल्या, साडू आत आले, मालिकेचं गाणं सुरू झालं आणि अक्का उठली. “कुठं चाललीस?” “भाकऱ्या टाकायच्यात.” “अगं, पन आता तर शबूद येतो ना?” तेव्हा अक्का दारात वळली. “धरनावर भोंगा द्यायचे तो पान्यासाठी. हितं कशापायी देता? रोज सांजच्याला गावाला सांगता, माझी बायको बहिरी झाली म्हनून?” ती आत गेली. साडू हातात शिट्टी घेऊन उभे राहिले. सांगून सोडलं की कोणाचं काही जात नाही, एवढंच त्यांना आयुष्यभर माहीत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. मधला स्पीकर मात्र रिकाम्या खुर्चीसाठी स्वच्छ बोलत होता.

दुसऱ्याच दिवसापासून साडू बहिरे झाले. स्टँडवर कोणी विचारलं, “भाऊ, शापूरची गेली काय?” तर कानाला हात लावून “आँ?” पुन्हा विचारलं तरी “आँ?” आणि मग खेदाने, “धरनाच्या मशिनींनी कान खाल्ले रं. तो स्पीकर माझ्याचसाठी आनलाय. बायको बिचारी सोसते.” एकदा ठरवल्यावर त्यात कसूर नाही. आठवड्यात किन्हवलीला खात्री पटली. कंडक्टर त्यांच्या कानात ओरडून तिकीट विचारू लागला, वाणी बोटं दाखवून हिशोब सांगू लागला. चावडीवर तर लोक त्यांच्या समोरच “पैल्यापासून जरा खुळाच हाय हा” असं खुशाल बोलत, आणि ते कपाळाला आठी न घालता ऐकून घेत. तीन महिन्यांत गावातल्या प्रत्येकाचं आपल्याबद्दलचं मत त्यांना कळलं. “फार वाईट नाय,” ते मला म्हणाले.

अक्का खुर्चीत परत आली. आता तीच मोठ्याने त्यांना मालिका समजावून सांगते, खालच्या चार घरांना ऐकू जाईल अशी. “अवो, ती म्हनते, मी घर सोडून जाईन!” “आँ?” “घर सोडून जाईन!” हे सांगताना तिचा चेहरा काय खुलतो! तिला सगळं ठाऊक आहे का, हे मी विचारलं नाही. पण नवऱ्याला ऐकू येतं की नाही हे इतक्या वर्षांच्या बायकोला कळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

गेल्या महिन्यात सकाळीच त्यांच्याकडे गेलो. अक्का देवळात गेली होती. साडू परसात पाठमोरे बसून वालाच्या वेलाला काठ्या बांधत होते. मी “भाऊ” म्हणून हाक मारली. ते बांधत राहिले. मी पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. कुंपणाच्या अल्याड-पल्याड चिटपाखरू नव्हतं, कोणाला दाखवायचं काही नव्हतं. मी वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा ते दचकले आणि मग तोंडभर हसले.

“कदी आलात मास्तर? आवाज तरी द्यायचा.”

“आत्ताच येतोय, भाऊ,” मी म्हटलं. जरा मोठ्याने म्हटलं.