खडकावरची हरळी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी पोस्टिंग तंजावूरजवळच्या एका ट्रान्झिट कॅम्पवर झाली. तेव्हा मी हवालदार होतो, नाव व्यंकटराव. कॅम्प गावाबाहेर वल्लमच्या बाजूला होता. कावेरीची काळी माती तिथवर पोहोचत नाही. खाली लाल जांभा, त्यावर चार बोटं मुरूम. शेळ्यासुद्धा तिथं थांबत नसत. काही बराकी, एक लंगर, क्वार्टर गार्ड आणि त्यासमोर ध्वजस्तंभ, एवढाच कॅम्प.

मी तंजावूरचाच. आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. आमचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. गावात आम्हाला 'मराट्टियर' म्हणतात. मी भरती झालो ती मराठी पलटणीत. तिथं मला सगळे 'मद्रासी' म्हणत. जे मराठी मी इथं लिहितो आहे, ते पलटणीत शिकलो. घरचं वेगळं आहे.

नोकरीची बरीच वर्षं उत्तरेला गेली. एकदा चौकीवरच्या चकमकीत पायात छर्रे घुसले, त्याची फीत छातीवर होती. घरी मी सुट्टीपुरता यायचो. मुलगी कामाक्षी सहा वर्षांची झाली होती आणि माझ्याशी पाहुण्यासारखी वागायची. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर तमिळमध्ये येई. मी विचारायचो, "कामू, आज शाळेंत काय शिकलीस?" ती म्हणायची, "तेरियादु." म्हणजे माहीत नाही. एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. बायको सरसा म्हणायची, "तुम्ही कोठें घरीं असतां? राहा थोडे दिवस. बोलेल पोरगी."

म्हणून ही पोस्टिंग मला हवी होती. पण ती कायमची नव्हती. मी अटॅचमेंटवर आलो होतो. कॅम्पच्या पर्मनंट स्टाफमध्ये हवालदाराची एकच जागा होती.

दोन महिन्यांनी खाडे आला, तोही अटॅचमेंटवर. हवालदार नामदेव खाडे, माझ्याच पलटणीचा, पण दुसऱ्या कंपनीतला. गाव सातारा जिल्ह्यात, माणदेशात. उंच, काळाभोर आणि तोंडाळ. आल्या दिवशी त्यानं लंगरमध्ये गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सगळे जवान त्याला नावानं हाक मारत होते. मला तिथं दोन महिने झाले होते आणि अर्ध्या लोकांना माझं नाव नीट माहीत नव्हतं.

कॅम्पचे मेजरसाहेब पुण्याचे. त्यांचं आणि खाडेचं लगेच जमलं. मी बोललो की साहेब हसायचे. एकदा मी "साहेब, अवघें तयार आहे" म्हणालो, तर ते म्हणाले, "राव, तू दोनशे वर्षांपूर्वीचं बोलतोस. तुला म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे." शेजारी खाडे उभा होता. तोही हसला. माझ्या गावात, माझ्या भाषेवर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण सावधानमध्ये उभा होतो.

गावात तेव्हा नुकतंच केबल आलं होतं. मेसमध्ये परदेशातली क्रिकेटची मैदानं दिसायला लागली. मेजरसाहेबांना ध्वजस्तंभासमोर तसं हिरवं लॉन हवं झालं. दिवाळीनंतर जनरलसाहेबांची व्हिजिट होती. एका सकाळी फॉल-इननंतर त्यांनी आम्हा दोघांना थांबवलं.

"डावी बाजू राव. उजवी बाजू खाडे. ज्याचं लॉन जनरलसाहेब पास करतील, तो इथं राहील. दुसरा वर. प्रश्न?"

"नाही, साहेब."

'वर' म्हणजे काश्मीर. पलटण तेव्हा तिथं होती.

गवत कुठलं, हा प्रश्नच नव्हता. असल्या जमिनीवर एकच गवत जगतं. ते मी आमच्या गल्लीतल्या पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळामागून आणलं. तमिळमध्ये त्याला अरुगम्पुल्ल म्हणतात, आमच्या घरी दूर्वा. सरसा रोज गणपतीला वाहते. मी पोत्याचं तोंड सोडलं आणि खाडे दोन पावलं मागे सरला.

"आवं राव, ही तर हरळी!"

"दूर्वा."

"दूर्वा गणपतीच्या डोक्यावर. रानात हरळीच. आमचा बा जलमभर हरळी काढतोय. एक काडी ऱ्हायली तरी सारं रान खाती. म्या ही लावतोय असं त्याला कळलं तर घरात घेनार न्हाई."

सगळे हसले. त्याच्यावर हसले तरी ते त्याचेच होऊन हसायचे, हे मी तेव्हा पाहून ठेवलं.

मी तंजावूरचा माणूस. इथं लहान पोरालाही भाताचं रान कसं करायचं ते माहीत असतं. मी पापनाशमकडच्या तळ्यातला गाळ दोन ट्रक आणवला. माझ्या बाजूला खडकावर हातभर गाळ पसरला. चारी कडेनं बांध घातला, पाणी सोडलं आणि कामाला लावलेल्या जवानांना, म्हणजे फटीग पार्टीला, अनवाणी उतरवून तो तुडवून घेतला. लोण्यासारखा चिखल झाला. त्यात हरळीची कांडं लावली. महिनाभरात माझी बाजू पोपटासारखी हिरवी झाली.

खाडे तोवर पहार घेऊन दगड फोडत होता. रोज पीटीनंतर आणि रोज दुपारी ठण ठण ठण. जांभ्याला भेगा पाडायच्या, सुटे दगड वेचायचे, भेगांत भाताचा कोंडा, शेणखत आणि रेती भरायची, वरून मुरूम. कडेला त्यानं जरासा उतार ठेवला. हरळी त्यानं सगळ्यात शेवटी लावली. त्याची बाजू तपकिरी, वर ठिगळं. मेजरसाहेब माझ्या बाजूला उभे राहून म्हणाले, "शाबास, राव." त्या दिवशी मला झोप छान लागली.

एका रविवारी मी खाडेला घरी जेवायला बोलावलं. पलटणीचा माणूस, बोलवावंच लागतं. सरसानं सांबार केलं, ज्याला आमच्याकडे आंबटी म्हणतात. तो चार वेळा भात घेऊन जेवला आणि म्हणाला, "वहिनी, आमटी लई भारी." मग कामू त्याच्यापाशी गेली. त्यानं तिला विचारलं, "काय गं, लई म्हंजी काय?"

कामूनं दोन्ही हात पसरले आणि मराठीत म्हणाली, "एवढें!"

मी ताट घेऊन बसलो होतो. सहा वर्षांत तिनं मला मराठीत उत्तर दिलं नव्हतं. त्यानंतर दर रविवारी ती "मामा आला का?" विचारायची. आंबटी लई. पाऊस लई. शाळा लई वाईट. सरसाला गंमत वाटायची. मला सांगायला लाज नाही, मी जळायचो. हातात होती ती एकच गोष्ट, माझी बाजू हिरवी होती.

आमच्याकडचा खरा पाऊस दिवाळीनंतरचा. त्या वर्षी व्हिजिटच्या दोन दिवस आधी तो लागला आणि थांबला नाही. मी मेन गेटवर ड्युटीला होतो. दुपारी वॉकीटॉकी वाजला.

"गेट, धिस इज फ्लॅग. राव, खाडे बोलतोय. ओव्हर."

"बोल. ओव्हर."

"तुमचं गवत तरंगतंय. ओव्हर."

"से अगेन. ओव्हर."

"तरंगतंय, राव. बदकागत. लवकर या. आऊट."

गेट गार्डवर सोडून मी पळत गेलो. माझ्या बांधात गुडघ्याला थोडं कमी पाणी साचलं होतं. खाली खडक फोडलेला नव्हता आणि वरचा गाळ मी स्वतः तुडवून बंद केला होता. पाण्याला जायला वाट नव्हती. हरळीचे गालिचे सुटून वर आले होते आणि वाऱ्यानं एका कोपऱ्यात गोळा होत होते. भाताला हवं असतं तसं सगळं केलं होतं. फक्त ते भात नव्हतं. खाडेच्या बाजूला पाणी पडत होतं आणि मुरत होतं. त्याची ठिगळं एकमेकांना मिळाली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

बांध फोडायचा तर पाणी कुठं जाणार? जमिनीचा उतार खाडेच्या बाजूकडे होता. मधून चर काढला तरच पाणी खालच्या नाल्याला लागणार होतं. मी फावडं घेऊन उभा राहिलो. त्याच्या लॉनमधून चर काढू दे म्हणायला तोंड उघडेना.

तो पहार घेऊन आला आणि आपल्याच हिरवळीत मधोमध घाव घातला.

"अरे, ती तुझी बाजू!"

"मग काय तुमची? तुमच्या बाजूला हाय काय?" तो म्हणाला. "फावडं चालवा, राव. बोलू नका."

अंधार पडेपर्यंत आम्ही चर खोदला. पाणी निघालं. माझ्याकडे पिवळं, सडकं गवत आणि चिखल उरला. त्याच्याकडे मधून चिरलेलं लॉन.

जनरलसाहेब आले तेव्हा ऊन पडलं होतं. ते माझ्या बाजूला दोन पावलं आले आणि त्यांचा बूट लेसपर्यंत रुतला. ते म्हणाले, "इसमें धान लगाओ." मग ते खाडेच्या बाजूला गेले, टाचेनं जमीन दाबून पाहिली आणि चराकडे बोट केलं. मेजरसाहेबांनी खाडेनं काय केलं ते सांगितलं. जनरलसाहेबांनी त्याच्याशी हात मिळवला. जनरलसाहेबांचा बूट पुसून झाल्यावर जवान फडकं घेऊन माझ्याकडे आला, कारण माझेही बरबटले होते. मी त्याला परत पाठवलं.

घरी जाऊन सरसाला सांगितलं की मी वर जाणार. ती म्हणाली, "सरी," म्हणजे बरं. "जाऊन या," म्हणाली आणि आत गेली. कामू चित्र काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाडे मेजरसाहेबांकडे इंटरव्ह्यूला, म्हणजे विनंती घेऊन, गेला. बाहेर आला तो थेट माझ्याकडे.

"म्या जातोय वर. तुमी ऱ्हावा."

"मला तुझे उपकार नकोत," मी म्हणालो.

"उपकार कसले? तुमच्या छातीवर ती फीत हाय. आल्यापासनं रोज बघतोय. रोज जीव जळतोय." तो हसत नव्हता. "आन् माझ्याकडं काय? बाला काय सांगू? म्या मिल्ट्रीत हरळी लावून पास झालो? गाव थुकंल माझ्या तोंडावर."

मला वाटायचं की हेवा फक्त मला होता.

जाताना तो माझ्या चिखलाच्या कडेला उभा राहिला. "खडक फोडा आदी. मग माज्यातली कांडं घिऊन लावा. उन्हाळ्यात खालपतूर कापू नका. दाढी करा, टक्कल नको." मग गाडीत बसला. कामूला भेटायला गेला नाही. रडंल म्हणाला.

मी खडक फोडला. पावसाळा संपल्यावर सुरू केलं. त्याच्या बाजूची कांडं आणून माझ्या बाजूला लावली. उन्हाळ्याच्या शेवटी ती धरली. एका सकाळी मी गवत कापत होतो. सिग्नलचा नाईक आला आणि पाठीमागे उभा राहिला. मी मशीन थांबवलं.

"पलटणीचा मेसेज आहे. हवालदार खाडे."

"जखमी?"

"नाही."

मी उरलेली पट्टी कापून पूर्ण केली. मग घरी गेलो. कामूला सरसानं सांगितलं, मला जमलं नाही. ती दोन दिवस जेवली नाही. मी वर गेलो असतो आणि असा मेसेज आला असता, तर ती दोन दिवस उपाशी राहिली असती का, हा विचार माझ्या मनात आला. अजून येतो.

सुट्टी काढून मी त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील घरी नव्हते, रानात होते. बांधावर उकिडवे बसून विळ्यानं हरळी काढत होते. मी सलाम केला. त्यांनी शेजारी जागा करून दिली. पलटणीनं त्यांना सगळं कळवलं होतं. खाडे शेवटपर्यंत चौकीवर होता, दोन साथीदारांना त्यानं मागे काढलं, त्याच्या नावाची शिफारस गेली होती. तरी त्यांनी विचारलं, "आन् त्याच्या आदी? तिकडं मद्रासकडं नाम्या काय करायचा?"

माझ्या पायाशी उपटलेल्या हरळीचा ढीग होता.

"ड्युटी, बाबा," मी म्हणालो. "फार कडक ड्युटी होती."

ते मान हलवत राहिले. मी दुसरा विळा घेतला आणि त्यांच्याबरोबर संध्याकाळपर्यंत हरळी काढली.

पुढं मेडल आलं. ते त्याच्या वडिलांनी घेतलं. माझ्या फितीपेक्षा ते कितीतरी मोठं आहे.

आता मी रिटायर आहे. कॅम्पच्या लॉनच्या कडेला त्याच्या नावाचा दगड आहे, जांभ्याचाच. दर वर्षी तो गेला त्या दिवशी सकाळी फॉल-इन होतो, दोन मिनिटं शांतता पाळतात. मलाही बोलावतात. लोक लॉनची तारीफ करतात. माझ्या हाताखाली ते वाढलं, पण दोन्ही बाजूंना एकही काडी अशी नाही जी त्याच्या बाजूनं आलेली नाही.

कामू आता कुंभकोणमला शाळेत शिकवते. त्या दिवशी रजा घेऊन येते. तिला देवनागरी नीट वाचता येत नाही. दगडावरचं नाव ती बोटानं अक्षर अक्षर लावते. मग गवतावरून हात फिरवते.

"अप्पा," या वर्षी ती म्हणाली, "मामाचें गवत लई बेस आलें."

'बेस' हा आमच्या घरचा शब्द. तो तिला मी दिला, त्याला पुष्कळ वर्षं लागली. पण ती आधी 'लई' म्हणते.