कापलेलं परत येतं का?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या टेलरमावशी नवी कात्री घ्यायला जाताना घरून चिंधी घेऊन जातात. दुकानदाराने कितीही वाखाणली तरी आधी चिंधी कापून बघणार. व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर निवडतानाही त्यांनी तेच केलं.

सोमवारी त्यांच्या अंगठ्याचं ऑपरेशन आहे. जाड कापड कापणं यापुढे बंद, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. कोटाची बाही कशी बेतायची हे परगावच्या दोन भाच्यांना शिकवायचं राहून गेलं होतं, म्हणून मावशींनी ते मोबाइलवर चित्रित केलं. पंचेचाळीस मिनिटं. पुन्हा करायला अंगठा राजी नाही. आता त्यातला खोकला, दारावरची बेल आणि हरवलेल्या खडूची शोधाशोध काढायची होती.

"कापलं आणि चुकलं तर?" त्यांनी मला विचारलं.

"मूळ फाईलच्या चार कॉप्या करून ठेवल्यात, मावशी."

"तू दुधावरही चार झाकणं ठेवशील. मला हे सांग, कापलेलं परत येतं का?"

मला माहीत नव्हतं. माझ्या लेकीचा लॅपटॉप घेऊन आम्ही दोघी बसलो. त्यावर तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट. माझा जीव टांगणीला. चिंधी म्हणून मावशींनी पंख्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो कापायचा, बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी उघडून कापलेलं उसवून परत आणता येतं का ते बघायचं.

पहिलं दिसायला गोड होतं. पण बंद करून उघडलं तर कालचं कापलेलं कायमचं गेलं होतं.

"ह्याला उसवता येत नाही. नापास."

दुसरं सिनेमावाल्यांचं. इतकी बटणं, की मावशी म्हणाल्या, "हे विमान आहे का गं?" तेवढ्यात लॅपटॉप धापा टाकत बंद पडला. मी प्रोजेक्ट शाबूत आहे का ते तीनदा बघितलं. लेक म्हणाली, "आई, त्याला नाही, तुलाच रीस्टार्टची गरज आहे."

तिसरं साधं, फुकट. दुसऱ्या दिवशी मावशींनी त्यात खालच्या पट्टीवरच्या पंख्याच्या तुकड्याचं टोक माउसने धरून सहज ओढलं, आणि कापलेला पंखा पुन्हा फिरायला लागला. त्यांनी टोक आत ढकललं, बाहेर ओढलं, पुन्हा आत.

"अगं, हे कापतच नाहीये! आत दुमडून ठेवतंय. आपण शिलाईत जास्तीचं कापड सोडतो ना, तस्सं!"

मग मात्र त्यांचा हात सुटला. दोन दुपारी बसून पंचेचाळीसची बावीस मिनिटं केली. खोकला गेला, बेल गेली, खडू गेला. बाहीच्या वळणावर अंगठा अडून कात्री थांबते, तेवढी जागाही त्यांनी काढून टाकली.

आज संध्याकाळी पाठवायच्या आधी आम्ही शेवटचं बघत होतो. ती जागा आली तशा त्या थांबल्या आणि तुकड्याचं टोक हळूच बाहेर ओढलं. पडद्यावर कात्री अडली. पडद्यावरच्या मावशींनी कापड फिरवलं, हात तसाच ठेवला, आणि कात्री पुढे गेली.

"हे राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यांचीही कात्री कधीतरी अडेलच की."