झाडूगाडीच्या मागे

तिच्या गाडीच्या मागच्या दाराला खराखुरा झाडू बांधलेला असायचा. चार दिवस चालणाऱ्या, सहाशे दहा किलोमीटरच्या सायकल मोहिमेतली ही सगळ्यात शेवटची गाडी. जो स्वार हिच्या मागे पडला, तो बाद. त्याची सायकल टपावर, तो आत, आणि हातात समजूत घालायला एक केळं. त्यामुळे सगळे स्वार तिच्याशी फार गोड बोलायचे आणि तिच्यापासून जमेल तितके लांब राहायचे. तिला म्हणायचे झाडूताई. पहिल्या वर्षी तिला राग आला होता. नवव्या वर्षी ती स्वतःच फोनवर 'झाडू बोलतेय' म्हणायला लागली.

वर्षाचे दहा महिने ती शाळेची व्हॅन चालवायची. सुट्टी लागली की व्हॅनमधली दप्तरं उतरायची आणि पाण्याचे डबे, बर्फाची पेटी, हवेचा पंप नि केळ्यांचे घड चढायचे. मोहीम भरवणारे सर, म्हणजे खेळाचे निवृत्त शिक्षक, सगळ्यांना सांगत, "या कामाला दोनच गोष्टी लागतात, हळू चालवणं आणि नीट मोजणं. पहिली गोष्ट आपल्या पोरांना जन्मात जमायची नाही, म्हणून ताई."

मोजण्याचं मात्र सरांना पूर्ण ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी ती दोन बहिणींच्या सायकलींमागून सातव्या चेकपॉइंटवर पोचली. चेकपॉइंट म्हणजे बंद पडलेल्या वजनकाट्याची पत्र्याची शेड, एक टेबल आणि टेबलामागे ग्रंथपालबाई. बाई एरवी वाचनालयात लोकांना गप्प बसवतात, इथे येणाऱ्याचा नंबर नि वेळ वहीत लिहितात. पत्रा इतका तापला होता की शेडमध्ये बसण्यापेक्षा उन्हात उभं राहणं बरं वाटावं. सकाळी रेडिओने त्रेचाळीस अंश सांगितलं होतं, ते सावलीतलं.

"या दोघी शेवटच्या," झाडूताई म्हणाली. "आणि माझ्या गाडीत एक. केमिस्ट. पायात गोळे आलेत."

"गोळे नाहीत हो, दगड आहेत," गाडीतून केमिस्ट ओरडला. त्याच्या मांडीवर बर्फ होता आणि तोंडात तिसरं केळं.

बाईंनी वहीवरून बोट खाली नेलं, परत वर आणलं. "सत्तर."

"एक्काहत्तर."

"सत्तर, ताई. अडतीस नंबर आलेला नाही."

अडतीस म्हटल्यावर तिला नाव विचारावं लागलं नाही. शिंपीकाका. वय एकोणसाठ, शाळेचे गणवेश शिवणारे. तीन वर्षं सलग निघाले आणि तिन्ही वर्षं तिनेच त्यांना उचललं. गेल्या वर्षी तर शेवट अकरा किलोमीटरवर होता. तेव्हा काका गाडीत पिशवीतून सुईदोरा काढून तिच्या सीटचं उसवलेलं कव्हर शिवत बसले होते. यंदा मोहिमेच्या सगळ्या माणसांची जाकिटं त्यांनीच शिवली. तिच्या जाकिटाच्या पाठीवर 'शेवटची गाडी' अशी अक्षरं. देताना म्हणाले होते, "पाठीवरची अक्षरं यंदा मला दिसली नाहीत म्हणजे मिळवली."

तिने फोन उघडला. प्रत्येक स्वाराच्या सायकलला एक डबी असते आणि नकाशावर त्याचा ठिपका हलताना दिसतो. अडतीसचा ठिपका घाटमाथ्यावर दोन वाजून बारा मिनिटांना थिजला होता. पुढे घाटात नऊ किलोमीटर नेटवर्क नाही, तिथे सगळ्यांचेच ठिपके थिजतात आणि खाली आले की टुणकन उडी मारतात. अडतीसने उडी मारली नव्हती.

आता तिने उलटं मोजलं. घाटमाथ्याच्या जरा खाली दोन-वीसला तिने केमिस्टला उचललं. मग पुढचा शेवटचा स्वार गाठायला गाडी थोडी दामटली. या दोघी बहिणी घाट संपता संपता दिसल्या. म्हणजे काका त्या मधल्या टप्प्यात होते. म्हणजे ती त्यांना ओलांडून पुढे आली होती.

झाडूगाडी कुणाला ओलांडत नाही. या गाडीला एवढा एकच नियम.

सरांना फोन लावला, तर सर थंड. "अहो, बसमध्ये बसून घरी गेला असेल. मागे ते दोघे नाही का, आपण डोंगर पालथा घालतोय आणि हे घरी टीव्ही बघतायत!"

"सर, काका घरी जाणारे नाहीत. घरी जायची वेळ आली की त्यांचं तोंड बघवत नाही."

"आणि तुम्ही मागे फिरलात तर पुढच्यांच्या मागे कोण?"

"बाईंची स्कूटर आहे. झाडू तिला बांधते."

ग्रंथपालबाईंनी वही मिटली. "मला कुणी विचारणार आहे का?"

"नाही," झाडूताई म्हणाली, आणि झाडू सोडायला गेली.

रुग्णवाहिका पुढे तीस किलोमीटरवर होती, एकाच्या गळ्याचं हाड मोडलं होतं. मोकळी झाली की मागे पाठवतो, असं सर म्हणाले. आवाज मघापेक्षा बारीक झाला होता.

तिने गाडी वळवली तेव्हा तीन-बारा झाले होते.

घाट चढताना ती प्रत्येक वळणाला हॉर्न देत होती, काच खाली करून "काका! ओ काका!" ओरडत होती. केमिस्ट दुसऱ्या बाजूने ओरडत होता. झुडपं, कठडा, दरीकडचा उतार. एक शेळी दिसली, तीही त्यांच्याकडे बघून निघून गेली.

तिला तीच जुनी गोष्ट आठवत होती. व्हॅन चालवायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी एक मुलगी मागच्या सीटखाली झोपून गेली होती. हिने शाळेच्या दारात मुलं उतरवली, वरवर नजर टाकली, गाडी लावून कुलूप घातलं. चाळीस मिनिटांनी परत आली तेव्हा काचेवर आतून दोन छोटे तळवे. दिवस थंडीचे होते म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून मुलगी व्हॅनला आली नाही. तेव्हापासून ती मुलं दोनदा मोजते, एकदा पुढून, एकदा मागून, डोक्याला हात लावून. मुलं म्हणतात मावशी आशीर्वाद देते. तिने तो गैरसमज राहू दिला आहे.

आणि आजचा दिवस थंडीचा नव्हता.

घाटमाथा आला. तीन-अठ्ठावीस. काहीच नाही.

"आता?" केमिस्टने विचारलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या तोंडात केळं नव्हतं.

"आता काय. इथेच कुठेतरी आहेत. ऐकू येत असेल तर ओ का देत नाहीत?"

केमिस्ट जरा घुटमळला. "ताई, रागावणार नसाल तर एक सांगू? तुमचा तो हॉर्न... वळणावर दोनदा देता ना, पीं-पीं, तो ऐकला की माणसाचा जीव अर्धा होतो. सकाळी मी स्वतः झुडपामागे जाऊन बसलो होतो. म्हटलं, बघितलं नाही तर उचलणार कशी?"

"लपला होतात?"

"पाच मिनिटंच. मग मुंग्या चावल्या."

"माझ्यापासून लपता तुम्ही?"

"सगळेच लपतात हो," केमिस्ट म्हणाला. "तुम्हाला काय वाटलं, एवढे लोक एकदम लघवीला जातात?"

ती हसली नाही. आत्तापर्यंतचा सगळा घाट ती हॉर्न वाजवत चढली होती. काका शुद्धीवर असतील तर तिनेच त्यांना आणखी आत ढकललं होतं. शुद्धीवर नसतील तर व्हॅनच्या सीटवरून ते दिसणारच नव्हते. कारण लपायचं तर माणूस सावलीत लपणार, आणि या उघड्या घाटात सावली एकाच ठिकाणी होती: रस्त्याखालून पाणी जायला बांधलेल्या मोऱ्यांमध्ये.

"तुमची सायकल उतरवा," ती म्हणाली.

"माझी? सीट उंच आहे. आणि तुम्हाला येते का?"

"वीस वर्षांपूर्वी येत होती." तिने जाकीट काढून कॅरियरला अडकवलं, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. "दहा मिनिटांनी गाडी घेऊन हळूहळू खाली या. पहिल्या गिअरमध्ये. बर्फाची पेटी हाताशी ठेवा. आणि हॉर्नला हात लावलात तर तो हात मी टपावर बांधीन."

"माझा क्लचचा पाय..."

"दहा मिनिटं," ती म्हणाली.

सीट खरंच उंच होती. पहिल्या वळणाला तिने ब्रेक इतका करकचून दाबला की स्वतःच दरीत जाता जाता राहिली. केमिस्टच्या महागड्या सायकलला त्याच्या मुलीने फुलाफुलांची घंटी बसवली होती. मोरी आली की ही उतरायची, वाकून आत बघायची, घंटी वाजवायची, पुन्हा चढायची. पहिली मोरी, प्लास्टिकच्या पिशव्या. दुसरी, काही नाही. तिसरीत कुत्रं. तीन-एकोणचाळीस. काकांना ओलांडून पासष्ट मिनिटं, सत्तर मिनिटं, आकडे आपोआप डोक्यात पडत होते आणि ती ते थांबवू शकत नव्हती. चौथी मोरी आली. आत काही नव्हतं. मागे पुन्हा चढून गेलं पाहिजे की काय, आपण दरीकडची बाजू नीट बघितलीच नाही, असं वाटायला लागलं.

पाचव्या मोरीच्या अलीकडे तिने उतरायच्या आधीच घंटी वाजवली.

खालून घंटी वाजली. एकदाच, अर्धवट, कुणी अंगठा टेकवून सोडून द्यावा तशी.

ती सायकल टाकून उतारावरून घसरत खाली गेली. मोरीच्या तोंडाशी काकांची सायकल आडवी, आणि आत भिंतीला टेकून काका. चेहरा लालभडक, अंग कोरडं खडखडीत, घामाचा थेंब नाही. हात तेवढा सायकलच्या घंटीपर्यंत पोचला होता. डोळे तिच्यावरून फिरले पण तिला ओळखलं नाही.

"अजून... मागे आहे कुणी?" ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "मग मी शेवटचा नाही."

"नाही काका. मी आहे ना मागे."

"गाडी गेली?"

"केव्हाच. बोलू नका आता."

तिने दोन्ही बाटल्या त्यांच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतल्या. शर्टाची बटणं तोडली. कॅरियरचं जाकीट ओढून आणलं, उरलंसुरलं पाणी त्यावर शिंपडून छातीवर घातलं आणि काकांच्या हेल्मेटने वारा घालत राहिली. पाणी पाजायचं नाही, घशात अडकेल, एवढं तिला माहीत होतं. बाकी काही माहीत नव्हतं. ती फक्त मोजत होती, त्यांचा श्वास. तेवीस, चोवीस. मध्येच एक श्वास आलाच नाही असं वाटलं आणि तिचाही थांबला. मग आला.

गाडीचा आवाज आला. हॉर्न नाही. केमिस्ट खरोखरच एका पायाने दात-ओठ खात गाडी घेऊन आला होता, आणि उतारावरून बर्फाची पेटी छातीशी धरून अक्षरशः बुडावर बसून घसरत खाली आला. काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावताना त्याने एकही विनोद केला नाही. त्यावरून तिला समजलं, की प्रकरण खरंच हाताबाहेर जात आहे.

दोघांनी काकांना वर कसं आणलं, ते दोघांनाही नंतर नीट सांगता आलं नाही. वजनकाट्यापाशी रुग्णवाहिका समोरून आली तेव्हा काका "माझी सायकल" म्हणाले. ते ऐकून झाडूताई पहिल्यांदा खाली बसली, तापलेल्या डांबरावर, आणि लगेच उठली.

मोहीम दुसऱ्या दिवशी संपली. दवाखान्यात काका उशीला टेकून बसले होते, हातात सलाईन. तिला बघून म्हणाले, "जाकिटाचं काय केलंत हो? शिवण उसवली असणार."

"तुमच्या छातीवर होतं."

"मग बरोबर. ओढाताणीला शिवलेलं नाही ते." मग म्हणाले, "मी व्हॅनची वाट बघत नव्हतो. व्हॅन आली असती तर घंटी वाजवलीच नसती."

"माहीत आहे."

"मला वाटलं, मागे खरंच कुणी आहे."

"होतं की. मी होते."

"सायकलवर," काका म्हणाले. हिशेब लागला तसे त्यांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे काल तुम्ही शेवटच्या."

"मी शेवटची. आणि पुढच्या वर्षी लपायचं असेल तर सांगून लपा."

संध्याकाळी सरांच्या ओट्यावर ती गाडीचा अहवाल भरत होती. छापील तक्त्यात एक रकाना होता: मागे सुटलेले स्वार. आठ वर्षं त्यात तिने शून्य लिहिलं होतं.

"यंदाही शून्यच टाका," सर म्हणाले. "सापडला ना शेवटी."

तिने लिहिलं: एक. अडतीस नंबर. सव्वा तास.

सर बघत राहिले, पण पेन मागितलं नाही. मग तिने शेऱ्याच्या जागी, छोट्या अक्षरात, आणखी दोन ओळी घातल्या: घाटातल्या मोऱ्या अकरा, प्रत्येकीला नंबर रंगवणे. हॉर्न बंद.